भोपळ्यावरचे सात दिवस

पहिले सात दिवस बाईंना गाऊच दिलं नाही. पश्चिम आफ्रिकेत, गँबियातल्या ब्रिकामा गावी त्या अंगणात आंब्याखाली उस्ताद कोरा हे भोपळ्याचं तंतुवाद्य वाजवत बसायचे आणि बाईंनी त्यांच्या समोर बसून भोपळ्याच्या पाठीवर बोटांच्या पेरांनी ठोकायचं. टक, टक-टक. टक, टक-टक. बस. फिलाडेल्फियात चाळीस वर्षं जॅझ गाणारी अडुसष्ट वर्षांची बाई, आणि तिला काम काय, तर भोपळा ठोक. या ठोकण्याला तिकडे ‘कोनकोन’ म्हणतात आणि ते घरातली पोरंटोरं करतात. असाच एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा बाईंच्या शेजारी बसून त्यांच्या चुका मोजायचा. मोठ्याने मोजायचा.

मी त्यांना बाई म्हणते ते मनातल्या मनात. समोर नावानेच हाक, तिकडची रीत. पण पुण्यात ज्यांच्याकडे मी दहा वर्षं ख्याल शिकले त्या बाईच होत्या, तेव्हा गाणं शिकवणारी ती बाई, हे डोक्यात पक्कं बसलंय. दिवसा मी एका औषध कंपनीत आकडे तपासते. संध्याकाळी बाईंकडे शिकते, आणि गेली सात वर्षं त्यांच्या कार्यक्रमांत मागे उभी राहून सूर धरते. जानेवारी २०२३ मध्ये तीन आठवडे त्यांच्याबरोबर गँबियाला गेले. कारण साधं होतं. त्यांना एकटीने जायचं नव्हतं आणि मुलाला रजा मिळत नव्हती.

बाईंचं आजोळ साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतच्या सेंट हेलेना बेटावरचं. आई तिथून १९४० च्या दशकात फिलाडेल्फियाला आली. शाळेतली संगीतशिक्षिकेची नोकरी संपल्यावर बाईंनी जुने कागद काढायला घेतले. जनगणनेची पानं एकेक करत मागे गेल्या आणि १८७० मध्ये आजीचे आजोबा सापडले. नाव, वय ४२, शेतमजूर, लिहिता येत नाही. त्याच्या मागे भिंत. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळी केली आहे. तिच्यात नाव असतं मालकाचं, आणि त्याखाली नुसतं वय, बाई की पुरुष, आणि रंग. बाईंनी मला १८६० चं एक पान दाखवलं. एका मळेवाल्याच्या नावाखाली ३२ वर्षांचे दोन पुरुष. “यातला एक आमचा असेल,” त्या म्हणाल्या, “किंवा दोन्ही नसतील.”

ते पान बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कारण आजोबा गेले तेव्हा बाबांबरोबर मी नाशिकला रामकुंडावर गेले होते. तीर्थोपाध्यायांनी आडनाव आणि गाव विचारलं, आतून एक लांबुळकी वही आणली आणि चहा येईस्तोवर आमच्या सात पिढ्या वाचून दाखवल्या. बाबांनी शेवटी सही केली, माझं नाव घातलं, दक्षिणा दिली, संपलं. मी तेव्हा कंटाळून मोबाइल बघत होते. त्या वहीत आजीचं माहेर कुठलं ते नव्हतं, पणजीचं तर नावही नव्हतं, पण तो राग वेगळा. निदान रागवायला वही तरी होती.

बाईंनी लाळेची डीएनए तपासणीही करून घेतली होती. एका कंपनीने आधी सेनेगाल-गँबियाकडचं बारा टक्के सांगितलं. दोन वर्षांनी त्याच लाळेचे सात टक्के झाले. बाकी नायजेरिया, काँगो, माली असे तुकडे. “माझे पूर्वज शेअर बाजारात आहेत,” बाई म्हणाल्या. मग गँबियाच का? डी डी ब्रिजवॉटर या अमेरिकन जॅझ गायिकेने मालीत, बामाकोला जाऊन तिथल्या कलाकारांबरोबर केलेला अल्बम २००७ मध्ये आला होता, तेव्हापासून बाईंच्या डोक्यात माली होतं. पण आता तिथे जाण्यासारखी परिस्थिती नाही, आणि बाईंना फ्रेंच येत नाही. गँबियात इंग्रजी चालतं आणि ब्रिकामात कोरा वाजवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आणखी एक कारण होतं: भात. कॅरोलायनाच्या मळेवाल्यांना भातशेती जमत नव्हती. ती येणारी माणसं आणली गेली ती सेनेगाल-गँबियापासून सिएरा लिओनपर्यंतच्या किनाऱ्यावरून.

उस्तादांकडे जाण्याआधी कोलाच्या बिया घ्यायच्या, असं त्यांच्या पुतण्याने फोनवर सांगितलं. ब्रिकामाच्या बाजारात पानांत गुंडाळलेल्या मिळाल्या. चेस्टनटएवढ्या, काही पांढुरक्या, काही लालसर, चावल्या की तोंड कडूजार. आपल्याकडे विडा-सुपारी ठेवतात तसं त्या समोर ठेवायच्या आणि आपण कशाला आलो ते सांगायचं. बाईंनी सांगितलं. उस्तादांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आडनाव काय?”

बाईंनी आडनाव सांगितलं. ते त्या मळेवाल्याचंच.

“हे कोणी दिलं?”

“ज्याने विकत घेतलं त्याने.”

उस्तादांनी मान हलवली आणि कोलाची एक बी फोडून अर्धी बाईंना दिली. त्या दिवशी एवढंच.

हे उस्ताद जाली. कोकणीतली ‘जाली’ नव्हे, मांडिंका भाषेतली. पूर्वी फ्रेंच अमलाखाली असलेल्या भागात यांनाच ग्रिओ म्हणतात. कोणत्या घराण्यात कोण जन्मलं, कोण कुठल्या लढाईत पडलं, कोणी किती दिलं, हे तोंडपाठ ठेवायचं आणि गाऊन सांगायचं, हा जन्माने येणारा धंदा. आपल्याकडचा हेळवी वंशावळ सांगतो आणि शाहीर पोवाडा गातो. ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात घाला आणि त्याला मैफलीचा वादक करा, तर साधारण अंदाज येईल. पण धंद्याची मेख त्या पहिल्याच प्रश्नात आहे. आडनाव नसेल तर जालीला तुमच्याबद्दल गाण्यासारखं काही नाही.

कोराबद्दल थोडं. अर्धा कापलेला मोठा भोपळा, त्यावर गाईचं कातडं ताणलेलं, मधून लांब दांडा आणि एकवीस तारा, डाव्या हाताला अकरा आणि उजव्या हाताला दहा. पूर्वी तारा चामड्याच्या असत, आता मासेमारीची नायलॉन दोरी. वाजवायचं दोन अंगठ्यांनी आणि दोन तर्जन्यांनी. उस्तादांच्या कोराला अजून जुन्या पद्धतीची चामड्याची कडी होती. सूर लावायचा म्हणजे ती कडी दांड्यावर रेटून वर-खाली सरकवायची. रोज सकाळी त्यात अर्धा तास जायचा. मला तो अर्धा तास फार आवडायचा. तानपुरा लागताना खोलीत जे होतं, तेच त्या अंगणात कोंबड्यांच्या मधोमध व्हायचं.

सूर लावायच्या ठरलेल्या पद्धतीही आहेत. त्यातली ‘सौता’ लागली आणि मी ताडकन उठून बसले. तीव्र मध्यम. यमनच की! गुणगुणायला लागले तर उस्ताद हसले आणि एक तार छेडून थांबले. माझा गंधार आणि त्यांचा गंधार यांच्यात चांगलं बोटभर अंतर होतं. मी गप्प बसले. ओळखीचं वाटतंय म्हणून ते आपलं नसतं, हे मला पहिल्या आठवड्यात तीन-चार वेळा तरी शिकवलं गेलं.

दुसऱ्यांदा शिकवलं गेलं ते समेवरून. कोरावर एक छोटं आवर्तन सतत फिरत राहतं, त्याला ‘कुंबेंगो’ म्हणतात. लेहऱ्यासारखं. त्यावर मधूनच वरून खाली घरंगळत येणाऱ्या ताना, त्या ‘बिरिमिंतिंगो’. मी दोन दिवस त्या लेहऱ्यात सम शोधत होते. सापडली की हात आपटायचा आणि पुढच्या फेरीला ती निसटायची. बाईंचं दुखणं वेगळं. त्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जगणाऱ्या, त्यांचा पाय आपोआप तिथेच पडायचा. शिवाय जॅझ गाणारा ठोक्याच्या जरा मागे रेंगाळतो, त्यात त्याची ऐट असते. भोपळ्यावर रेंगाळलं की शेजारचा मुलगा मोजायचा, “चौदा.”

आम्ही विचारलं, सुरुवात कुठे आहे? पुतण्याने भाषांतर केलं. उस्ताद म्हणाले, तुम्ही आलात तेव्हा.

हे ऐकून बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “असली वाक्यं मीही विद्यार्थ्यांच्या तोंडावर फेकते. उत्तर येत नसलं की.” पण पाचव्या दिवशी त्यांची बोटं बसली. सातव्या दिवशी मुलगा कंटाळून फुटबॉल खेळायला निघून गेला, आणि तीच परीक्षेची पावती समजून उस्तादांनी सांगितलं, उद्या गा.

दुसऱ्या दिवशी केलेफाबा सुरू झालं. शिकणाऱ्याला कोरावर पहिलं शिकवतात ते हेच, केलेफा साने नावाच्या वीराचं. आवर्तन चार वेळा फिरू दिलं, मग बाईंनी डोळे मिटले आणि स्कॅट सुरू केलं. बा-दू-या, शू-बी, नुसती अक्षरं, शब्द नाहीत. जॅझमध्ये गळ्याचं वाद्य करायची ही जुनी रीत आणि बाई त्यात पट्टीच्या. सुंदर गायल्या. अंगणाच्या कोपऱ्यात उस्तादांची मावशी शेंगा सोलत होती. ही स्वतः नावाजलेली गाणारी. हातात लोखंडाची नळी घेऊन सळईने ताल धरत गाणारी. तिने हात थांबवून पुतण्याला विचारलं, “काय म्हणाली?”

“काही नाही म्हणाली.”

“काहीच नाही?” मावशी पुन्हा शेंगांकडे वळली. “मग एवढ्या मोठ्याने कशाला?”

अंगणभर हसू. बाई सगळ्यात जास्त हसल्या. रात्री मच्छरदाणीत पडल्यापडल्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं मी काही न बोलण्याचे पैसे घेतेय.” थोड्या वेळाने पुन्हा बोलल्या, “तिचं बरोबर आहे पण. इथे गाणं कुणाचं तरी असतं. कुणाचं नाव घ्यायचं ते ठरल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.”

केलेफाचं त्यांनी मनावर घेतलं. शब्द देवनागरीत मी लिहून घेतले, त्यांनी रोमनमध्ये, आणि आमची भांडणं व्हायची, कारण माझे उच्चार जास्त जवळ जायचे. हळूहळू अर्थ कळायला लागला. केलेफा काबू राज्याच्या सरदार कुळातला, दुसऱ्याच्या लढाईत गेला आणि मेला. बाईंनी अकराव्या दिवशी विचारलं, या लढायांत पकडलेल्या माणसांचं काय व्हायचं?

पुतण्याने ते भाषांतर करायला बराच वेळ घेतला. उस्तादांनी कोरा मांडीवरून उतरवला. म्हणाले, काही कामाला ठेवायचे, काही नदीकडे न्यायचे. नदीकडे म्हणजे जहाजांकडे.

“त्यांचं गाणं आहे का?”

“जाली ज्याच्या घरचं खातो त्याचं गातो.”

उत्तर खरं होतं, आणि ते उस्तादांनी डोळ्यांत बघून दिलं. मला पोवाडे आठवले. किती गडी कापले याचे आकडे येतात त्यांत, पण कापल्या गेलेल्यांची नावं कुठल्या शाहिराने ठेवलीत? बाईंनी मान हलवली, चहाचा तिसरा पेला घेतला. तिथला अत्ताया चहा तीन वेळा उकळून तीन फेऱ्यांत देतात, पहिली कडू, तिसरी गोडमिट्ट. मग म्हणाल्या, उद्या सुट्टी घेऊ.

सुट्टीत ‘बारा’ नावाच्या गावापर्यंत फेरीबोटीने आणि पुढे गाडीने जुफुरे गावाला गेलो, तिथून होडीने कुंटा किंते बेटावर, जिथून गुलामांना जहाजांवर चढवायचे. २०११ पर्यंत त्याचं नाव जेम्स बेट होतं. किल्ल्याचे पडके कोट, तोफा, गोरखचिंचेची झाडं. नदीने बरंचसं बेट खाऊन टाकलंय. आमच्याबरोबरची काही माणसं रडली. बाई रडल्या नाहीत, त्यांनी उन्हाचं मलम मागितलं. परतीच्या वाटेवर जेवायला बेनाचिन मिळालं, एका भांड्यात शिजवलेला मासे-भाजीचा लाल भात. बाई पहिल्या घासाला थांबल्या. “माझी आई यात डुकराचं मांस घालायची,” म्हणाल्या, “बाकी तोच.” माझं म्हणाल तर मी दोमोदावर खूश होते. ती सरळ दाण्याची आमटी, फक्त मटण पडलेली. आणि जिकडेतिकडे ते ज्याचं लाल सरबत पितात ते ‘वोंजो’ म्हणजे आपली अंबाडी.

खरी गोष्ट घडली ती तेराव्या दिवशी, ठरवून नव्हे. पुतण्याचा एक मित्र जोला जमातीचा. त्याच्या काकांकडे ‘अकोंटिंग’ नावाचं वाद्य आहे, बघायचं का, असं त्याने विचारलं. हे दरबारी वाद्य नाही, जालींचं तर नाहीच. दिवसभर भातखाचरात राबून संध्याकाळी माडी पीत कुणीही वाजवावं असं. छोटा गोल भोपळा, बकरीचं कातडं, लांब दांडा, तीन तारा. त्यातली एक आखूड, अंगठ्याची, एकच सूर देणारी. म्हाताऱ्याने नखाने तार खाली झटकली आणि लगेच अंगठा आखूड तारेवर टाकला. टण्-ट. टण्-ट. माझ्या डोक्यात तुणतुणं आलं. बाईंच्या डोक्यात जे आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

बँजो. बँजोलाही तीच आखूड तार अंगठ्याशी असते, आणि जुन्या पद्धतीने वाजवताना हात असाच खाली पडतो. डॅनिएल जट्टा या गँबियाच्या जोला अभ्यासकाने २००० साली अमेरिकेतल्या बँजोच्या जाणकारांसमोर अकोंटिंग मांडलं, तेव्हापासून हे साम्य चर्चेत आहे. बाईंना ते वाचून माहीत होतं. पण बँजोशी त्यांचं वाकडं होतं. तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करणाऱ्या गोऱ्यांनी ते वाद्य इतकं बदनाम केलं की शिकल्यासवरल्या काळ्या घरांनी ते उंबऱ्याबाहेर ठेवलं. बाईंच्या मामाकडे एक होता. पाहुणे आले की तो पलंगाखाली जायचा.

म्हातारा वाजवत होता. बाई खाली बसल्या, पुढे सरकल्या आणि न विचारता त्या भोपळ्याच्या कडेवर पेरांनी ठोकायला लागल्या. टक, टक-टक. रेंगाळल्या नाहीत. थोड्या वेळाने तोंड मिटूनच एक हुंकार सुरू केला, आजोळच्या बेटावर प्रार्थनेला जमल्यावर म्हणतात तसला, तीन सुरांतला. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. त्याला त्यात विशेष काही वाटलंच नाही. शेजारची बाई धान्य पाखडत होती, तिने सूप न थांबवता खालच्या पट्टीत सूर मिसळला. मी मात्र गप्प होते. माझा तिथे सूर नव्हता.

बाईंच्या पूर्वजांपैकी कोणी जोला होतं का, कोण जाणे. सात टक्क्यांवरून ते कळत नाही. पण परतताना गाडीत त्या म्हणाल्या, “मी तीन आठवडे राजवाड्याच्या दारात बसायला आले होते. आमची माणसं मागच्या अंगणात होती.”

निघायच्या आदल्या दिवशी मावशीने विषय काढला. आडनावाशिवाय ही बाई जाणार कशी? आमचं देता येत नाही, जाली जन्मावा लागतो. मग तिने आपल्या आईचं माहेरचं आडनाव काढलं, दारबो, आणि सगळ्यांसमोर तीनदा उच्चारून बाईंना दिलं. उस्तादांनी त्यावर कोराचे दोन फेरे वाजवले, आणि नवं आडनाव लागल्याबद्दल बाईंकडून रीतसर पैसेही घेतले. मला त्या वेळी नाशिकच्या वहीची आठवण आली. इथे नाव आईकडून निघालं होतं.

फिलाडेल्फियाला आल्यावर बाईंनी जुना बँजो विकत घेतला. वाजवता येत नाही, ठोकतात. वसंतातल्या पहिल्या कार्यक्रमात त्यांनी ड्रमवाल्याला दुसरी-चौथी मात्रा सोडायला लावली, बासवाल्याला एकच फेरा धरायला सांगितला आणि पहिली चार मिनिटं गायल्याच नाहीत, नुसता कोनकोन. मध्यंतरात त्यांचा एक जुना श्रोता मला बाजूला घेऊन म्हणाला, छान आहे, पण ती गाणार कधी?

एक सांगायचं राहिलं. मांडिंकात भेटल्यावर एकमेकांची विचारपूस करायची ठरलेली साखळी असते. त्यात येतंच येतं, “सु मोलु ले?” घरची माणसं कुठे आहेत? उत्तर ठरलेलं, “ई बे जे.” तिथे आहेत. दिवसातून वीस वेळा बाईंना हे म्हणावं लागायचं. आणि तिथे काही आडनावांमध्ये थट्टेचं नातं असतं, ‘सनावुया’. त्या आडनावांचे लोक भेटले की एकमेकांना खादाड, चोर, गुलाम काय वाटेल ते म्हणतात आणि कुणी रागवायचं नसतं.

विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्याने बाईंचं अमेरिकन आडनाव वाचलं. बाईंनी लगेच दुरुस्ती केली, “दारबो.” त्याने खुर्ची मागे सरकवली. स्वतःचं आडनाव सांगितलं आणि म्हणाला, “म्हणजे महिनाभर आमचा भात संपत होता तो तुमच्यामुळे.” मागच्या रांगेतले हसले. मग त्याने चेहरा सरळ करून विचारलं, “सु मोलु ले?”

“ई बे जे,” बाई म्हणाल्या.

त्याने शिक्का मारला. “पुढच्या वेळी येताना स्वतःचे तांदूळ आणा.”